पंचेचाळिशीतला ठोसा

लास व्हेगासमध्ये ५ नोव्हेंबर १९९४ च्या रात्री जॉर्ज फोरमन नऊ फेऱ्या मार खात होता. समोरचा मायकेल मूरर सव्वीस वर्षांचा, डावखुरा, तोवर एकही लढत न हरलेला आणि हेवीवेट गटातला जगज्जेता. फोरमन पंचेचाळीस वर्षांचा. डोक्याचा गोटा, वजन अडीचशे पौंड म्हणजे ११३ किलो. तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांत मूरर पुढे होता. दहाव्या फेरीत फोरमनच्या उजव्या हाताचा एक आखूड, सरळ ठोसा मूररच्या हनुवटीवर बसला. मूरर पाठीवर पडला आणि दहा अंक मोजून होईपर्यंत उठला नाही. फोरमनने कोपऱ्यात जाऊन गुडघे टेकले. किन्शासामध्ये ३० ऑक्टोबर १९७४ रोजी मोहम्मद अलीने त्याच्याकडून काढून घेतलेला किताब वीस वर्षं आणि सहा दिवसांनी परत आला होता. त्या रात्रीची त्याची लाल चड्डीसुद्धा किन्शासातलीच होती.

त्याआधी सर्वांत मोठ्या वयात हा किताब जिंकल्याचा विक्रम जर्सी जो वॉलकॉटच्या नावावर होता. १९५१ मध्ये तो जिंकला तेव्हा सदतीस वर्षांचा होता. फोरमनने त्यात आठ वर्षांची भर घातली, आणि तीस वर्षं उलटून गेली तरी हेवीवेट गटात हा विक्रम अबाधित आहे. पण या विक्रमाने एक उपद्रवही करून ठेवला. तेव्हापासून चाळिशी ओलांडलेला कुठलाही हेवीवेट मुष्टियोद्धा पुन्हा मोजे चढवायला निघाला, की त्याच्या आजूबाजूचे लोक फोरमनचं नाव घेतात. फोरमनला जमलं, मग याला का नाही? प्रश्न साधा वाटतो. त्याचं उत्तर मात्र शरीरशास्त्रात आहे, आणि ते लढतीच्या जाहिरातीत छापण्यासारखं नाही.

आधी स्नायूंचं पाहू. माणसाच्या स्नायूत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. संथ तंतू दीर्घकाळ काम करतात, जलद तंतू क्षणात जोर लावतात आणि लवकर थकतात. ठोसा हे जलद तंतूंचं काम. वय वाढतं तसे आधी झिजतात ते हेच. पाठीच्या कण्यातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरतात, त्यांच्या हाताखालचे तंतू पोरके होतात, आणि शेजारच्या चेतापेशी त्यांतल्या काहींना दत्तक घेतात. दत्तक घेणारी पेशी बहुधा संथ गटातली असते, म्हणून जलद तंतू संथ होऊन जातो. व्यायामाने स्नायूचा घेर टिकवता येतो, काही प्रमाणात वाढवताही येतो. पण मेलेली चेतापेशी परत येत नाही. पन्नाशीतल्या माणसाचा दंड आरशात पंचविशीतल्यासारखा दिसू शकतो. त्या दंडाचा वेग पंचविशीतला नसतो.

मग फोरमनचा ठोसा इतका जड कसा राहिला? ठोशाचा परिणाम एकट्या वेगावर ठरत नाही, वेगामागच्या वजनावरही ठरतो. हेवीवेट हा एकच गट असा आहे, की त्याला वरची मर्यादा नाही. दोनशे पौंडांच्या पुढे कितीही. किन्शासात फोरमन २२० पौंडांचा होता, १९८७ मध्ये दहा वर्षांच्या खंडानंतर परतला तेव्हा २६७ पौंडांचा. हलक्या गटात वाढत्या वयाचं वाढतं वजन माणसाला गटाबाहेर फेकतं, हेवीवेटमध्ये तेच वजन हत्यार होतं. शिवाय समोरच्याला बेशुद्ध करायला लागतो तेवढा जोर पुरे असतो. त्याहून जास्त जोराला वेगळे गुण नसतात. तरुणपणी ज्याच्या हातात गरजेच्या दीडपट जोर होता, त्याचा थोडा जोर ओसरला तरी गरजेपुरता उरतो. ठोशाची ताकद सर्वांत शेवटी जाते, असं मुष्टियुद्धातले जुने लोक म्हणतात, त्याचा अर्थ एवढाच.

जोर किती लागतो याची मोजणी झालेली आहे. १९८५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये फ्रँक ब्रूनो या हेवीवेट मुष्टियोद्ध्याच्या ठोशाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. टांगलेल्या लक्ष्यावर आदळताना त्याच्या मुठीचा वेग सेकंदाला ८.९ मीटर भरला आणि जोर ४,०९६ न्यूटन, म्हणजे सुमारे ४०० किलोंच्या भाराइतका. हा जोर गाठायला लागले अवघे १४ मिलिसेकंद. आता हाच वेग दुसऱ्या बाजूने पाहा. या वेगाने मूठ अर्धा मीटर अंतर साठेक मिलिसेकंदांत कापते. डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीवर हात हलवायला निरोगी तरुणालाही साधारण दोनशे मिलिसेकंद लागतात. म्हणजे सुटलेला ठोसा पाहून कुणीच चुकवू शकत नाही. चांगला मुष्टियोद्धा ठोसा पाहत नाही, ठोशाच्या आधीचा खांदा पाहतो, पुढच्या पायावर सरकलेलं वजन पाहतो, आणि ठोसा निघण्याआधीच निघतो.

हे अनुभवाचं काम आहे आणि ते वयाबरोबर वाढतं. मुरलेला मुष्टियोद्धा म्हणूनच टिकतो. लाइट हेवीवेट गटात बर्नार्ड हॉपकिन्सने २०११ मध्ये सेहेचाळिसाव्या वर्षी किताब जिंकला, तो अशा वाचनाच्या बळावर. पण वाचलेलं पायांपर्यंत पोचावं लागतं. चाळिशीनंतर ते उशिरा पोचतं. ठोसा येणार हे कळलेलं असतं, आणि तरी तो बसतो. फोरमनने यावर तोडगा काढला होता. पुनरागमनात त्याने चुकवाचुकवी जवळपास सोडूनच दिली, दोन्ही हात चेहऱ्यासमोर आडवे धरले, पावलं मोजकी टाकली आणि लांब डाव्या हाताने समोरच्याला अंतरावर ठेवलं. दमसासाचा प्रश्नही त्यातूनच सुटला. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तिशीनंतर दर दशकात साधारण दहा टक्क्यांनी घटते. नियमित कसरत करणाऱ्यांत ही घट कमी, पण असतेच. जो नाचत नाही त्याला नाचण्यापुरता श्वास लागत नाही.

एवढं सगळं जमूनही पुनरागमनात फोरमनने किताबासाठी केलेले पहिले दोन प्रयत्न फसले, हे लोक विसरतात. पुनरागमनातल्या सलग २४ लढती तो जिंकला होता. पण समोर बरेचसे दुय्यम प्रतिस्पर्धी होते. एप्रिल १९९१ मध्ये इव्हँडर होलिफिल्ड समोर आला आणि बारा फेऱ्यांनंतर गुणांवर जिंकला. जून १९९३ मध्ये टॉमी मॉरिसनकडूनही फोरमन हरला. मूररविरुद्धच्या लढतीला तर एका संघटनेने आधी मान्यताच नाकारली होती. फोरमन न्यायालयात गेला, वयावरून भेदभाव होत असल्याचा दावा त्याने केला आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. जिंकलेला किताबही फार काळ राहिला नाही. संघटनांनी सुचवलेले प्रतिस्पर्धी त्याने नाकारले आणि १९९५ मध्येच दोन्ही पट्टे गेले. म्हणजे ज्या उदाहरणावर सगळे म्हातारे मुष्टियोद्धे विसंबतात, त्यात तीन प्रयत्न, एक यश आणि तेही हरत असलेल्या लढतीतला एक ठोसा, असा हिशेब आहे. ठोसा अप्रतिम होता, यात वाद नाही.

आणखी एक गोष्ट या उदाहरणात दडलेली आहे. १९७७ ते १९८७ या काळात, अठ्ठाविसाव्या वर्षापासून अडतिसाव्या वर्षापर्यंत, फोरमन रिंगणात नव्हता. तो ह्यूस्टनमध्ये धर्मोपदेशक होता. मुष्टियोद्ध्याच्या आयुष्यातली सर्वाधिक मार खाण्याची दहा वर्षं त्याच्या डोक्याने मार खाल्लाच नाही. त्याच्या ७६ विजयांपैकी ६८ प्रतिस्पर्ध्याला बाद करून आलेले, म्हणजे फेऱ्याही कमी. वय पंचेचाळीस, पण मेंदूवरच्या माराचं वय त्याहून बरंच लहान, असा हा दुर्मीळ गडी होता. इतरांच्या बाबतीत हे उलटं असतं.

मुष्टियुद्धाचा खरा जमाखर्च मेंदूत लिहिला जातो. कवटीच्या आत मेंदू पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. ठोसा हनुवटीवर बसला की डोकं गर्रकन फिरतं, कवटी आधी फिरते आणि मेंदू मागून. या फरकात मेंदूतले लांबलचक चेतातंतू ताणले जातात. मेंदूच्या पृष्ठभागावरून कवटीच्या आतल्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक नीलाही ताणल्या जातात. वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो, कवटी तेवढीच राहते, त्यामुळे या नीला आधीच ताठ झालेल्या असतात. न्हाणीघरात पाय घसरून डोकं आपटलेल्या आजोबांना तेव्हा काही होत नाही, आणि तीन आठवड्यांनी ते अडखळत बोलू लागतात, चालताना एका बाजूला झुकतात. स्कॅनमध्ये आवरणाखाली साकळलेलं रक्त दिसतं. सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांत हे दृश्य नवं नाही. तीच नीला ४,००० न्यूटनच्या ठोशाने फाटली तर तीन आठवडे मिळत नाहीत, कधीकधी तीन तासही मिळत नाहीत. रिंगणात होणाऱ्या मृत्यूंचं सर्वांत नेहमीचं कारण आवरणाखालचा हा रक्तस्रावच आहे.

दुसरं नुकसान हळू होतं. न्यू जर्सीतले शवचिकित्सक हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्ये जुन्या मुष्टियोद्ध्यांच्या अडखळत्या चालीचं, जड जिभेचं, मंद झालेल्या बुद्धीचं वर्णन वैद्यकीय नियतकालिकात केलं. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये कोर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी पंधरा माजी मुष्टियोद्ध्यांचे मेंदू मृत्यूनंतर तपासून आतली झीज दाखवली. लास व्हेगासमध्ये २०११ पासून जिवंत मुष्टियोद्ध्यांचा दीर्घ अभ्यास सुरू आहे. त्यात जास्त लढती खेळलेल्यांच्या मेंदूतले थॅलॅमस आणि कॉडेट हे भाग आकाराने लहान आढळले. एकेका ठोशाने बेशुद्ध होणं हा यातला छोटा भाग. भान न हरपता खाल्लेले, सरावातले, कुणी मोजत नाही असे हजारो ठोसे हा मोठा भाग.

या पार्श्वभूमीवर मोहम्मद अलीचं १९८० चं पुनरागमन आठवलं पाहिजे, कारण ते फोरमनच्या कहाणीची दुसरी बाजू आहे आणि ती कुणी जाहिरातीत वापरत नाही. दोन वर्षं न खेळलेला अली अडतिसाव्या वर्षी लॅरी होम्सविरुद्ध किताबासाठी उतरणार होता. त्याचं बोलणं जड झाल्याची कुजबुज होती, म्हणून परवाना देण्याआधी नेवाडा राज्याच्या आयोगाने वैद्यकीय तपासणी मागितली. मेयो क्लिनिकमध्ये ती झाली. एका पायावर उड्या मारताना आणि बोटाने नाकाला स्पर्श करताना तो किंचित चुकतो, अशी नोंद त्या अहवालात होती. परवाना मिळाला. त्यानंतर अलीला एका डॉक्टरने थायरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि त्याने त्या सांगितल्यापेक्षा जास्त घेतल्या. चरबी झरझर उतरली, केस काळे केले गेले, आणि वजनाच्या काट्यावर उभा राहिलेला अली दहा वर्षांपूर्वीसारखा दिसला. सगळे खूश झाले.

थायरॉइडचं संप्रेरक गरज नसताना घेतलं तर वजन घटतं, हे खरं. पण चरबीबरोबर स्नायूही जळतात, नाडी धावते, शरीराला उष्णता सोसत नाही, घामाने पाणी आटतं. लढत उघड्या मैदानात, वाळवंटातल्या लास व्हेगासमध्ये होती. अली हात वर धरून उभा राहिला, एवढंच म्हणता येईल. पंचांनी त्याला एकही फेरी दिली नाही. दहाव्या फेरीनंतर त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने लढत थांबवली. ती थांबेपर्यंत होम्सच रेफरीकडे पाहत होता, असं त्या लढतीचं चित्रण पाहणाऱ्यांना वाटतं. पुढच्या वर्षी अली बहामात ट्रेव्हर बर्बिककडून हरला आणि मगच थांबला. १९८४ मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं. तो आजार मुष्टियुद्धामुळेच झाला का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. पण १९८० च्या तपासणीत बोट नाकावर नीट जात नव्हतं, त्याला हे मतभेद लागू नाहीत. ते दिसलं होतं, लिहिलं होतं आणि तरी दाखला मिळाला होता.

‘फिट’ हा वैद्यकातला सर्वांत बेजबाबदारपणे वापरला जाणारा शब्द असावा. दाखल्यावर तो रोज लिहिला जातो, आणि कशासाठी फिट, हे लिहायला रकाना नसतो. कचेरीत बसायला फिट असलेला माणूस विहीर खणायला फिट असतोच असं नाही. मुष्टियोद्ध्याचा ईसीजी, रक्ताच्या चाचण्या, डोळे, पट्ट्यावर धावण्याची चाचणी हे सगळं ठीक आलं तर एवढंच कळतं, की त्याचं हृदय लढत सोसेल. मेंदू सोसेल का, हे त्या कागदांवर नसतं. एकदा काढलेल्या एमआरआयमध्येही नसतं, कारण रक्तस्राव होण्याआधी नीला ताणलेली आहे हे चित्रात दिसत नाही. उपयोगी पडते ती तुलना: याच माणसाची पाच वर्षांपूर्वीची स्मरणशक्ती, बोलण्याचा वेग, बोटांची चपळाई, मेंदूच्या भागांचं आकारमान, आणि आजचं. चाळिशीनंतर किताबासाठी उतरणाऱ्याला अशी तुलना दाखवल्याशिवाय परवाना मिळता कामा नये, आणि ती करणाऱ्या डॉक्टरचं मानधन आयोजकाच्या खिशातून येता कामा नये. सरसकट वयाची बंदी मात्र चुकीची ठरेल. फोरमन पंचेचाळिसाव्या वर्षी जिथे होता, तिथे काही जण तिशीतही नसतात.

अडचण अशी, की अमेरिकेत परवाना राज्याराज्यांचे आयोग देतात. होलिफिल्डचं कौशल्य ओसरल्याचं कारण देऊन न्यूयॉर्कने २००५ मध्ये त्याला थांबवलं. पुढच्याच वर्षी तो टेक्सासमध्ये खेळला. डिसेंबर २००८ मध्ये, सेहेचाळिसाव्या वर्षी, त्याने झ्युरिकमध्ये निकोलाय वालुएवविरुद्ध किताबाची लढत दिली. ती थोडक्या आणि वादग्रस्त गुणांनी हुकली, नाहीतर फोरमनचा विक्रम तिथेच मोडला असता. त्या रात्री न्यूयॉर्कचा आयोग चुकला होता असंही वाटलं असेल. पण सप्टेंबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात ठरलेली एक लढत फ्लोरिडात हलवली गेली आणि अठ्ठावन्न वर्षांचा होलिफिल्ड व्हिटोर बेलफोर्टसमोर उभा राहिला. पहिल्याच फेरीत, दोन मिनिटंही पुरी होण्याआधी, रेफरीला लढत थांबवावी लागली. एक दार बंद झालं तर शेजारचं उघडं, ही व्यवस्था वैद्यकीय निर्णयाला निरर्थक करते.

माइक टायसनही अठ्ठावन्न वर्षांचाच होता. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला सत्तावीस वर्षांच्या जेक पॉलशी तो लढला. ही लढत आधी जुलैत होती. मे महिन्यात विमानप्रवासात टायसनची प्रकृती बिघडली, पोटातल्या अल्सरमुळे, म्हणून ती पुढे ढकलली गेली. अर्धं रक्त गेलं होतं, आठ वेळा रक्त चढवावं लागलं, असं त्याने नंतर स्वतःच सांगितलं. इतका रक्तस्राव झालेला अठ्ठावन्न वर्षांचा रुग्ण सहा महिन्यांत जिना दम न लागता चढू लागला, तर कुठलाही डॉक्टर समाधान मानेल. इथे त्याला मुष्टियुद्धाचा परवाना मिळाला. आयोजकांनी फेऱ्या तीनऐवजी दोन मिनिटांच्या केल्या, मोजे दहाऐवजी चौदा औंसांचे दिले. जाड मोज्याने ठोशाचा कमाल जोर थोडा कमी होतो, चेहरा कमी फाटतो, मारणाऱ्याचा हात वाचतो. डोकं फिरायचं थांबत नाही. या सवलती म्हणजे धोका असल्याची लेखी कबुलीच होती.

आठ फेऱ्यांत टायसनने ९७ ठोसे मारले, त्यांतले १८ बसले. पॉलने २७८ मारले, ७८ बसले. टायसनच्या पहिल्या दोनेक फेऱ्यांत जुनी ओळख दिसली, मग पाय थांबले. हे आधी मांडलेल्या शरीरशास्त्राप्रमाणेच झालं. जलद तंतू मिनिटभर साथ देतात, भरून निघायला वेळ मागतात, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी फेऱ्यांमधला एक मिनिट त्यांना पुरत नाही. शेवटच्या फेऱ्यांत पॉलनेही हात आवरता घेतल्याचं दिसत होतं. एका माणसाचा मेंदू त्या रात्री प्रतिस्पर्ध्याच्या दयेवर सोडलेला होता, कुठल्याही आयोगाच्या नियमावर नाही.

फोरमन १९९७ मध्ये शॅनन ब्रिग्जविरुद्ध शेवटची लढत खेळला, तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा उतरण्याचं त्याने बोलून दाखवलं होतं, ते झालं नाही. २१ मार्च २०२५ रोजी, शहात्तराव्या वर्षी तो गेला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये टायसन आणि फ्लॉइड मेवेदर यांच्या प्रदर्शनीय लढतीची घोषणा झाली. त्या दिवशी मेवेदर अठ्ठेचाळीस वर्षांचा होता आणि टायसन एकोणसाठ.